एकांताला ट्रकभर माणसं

जंगलात माणसाला एकांत मिळतो असं सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो. त्यांनी एकदा आमच्या घरच्या माणसांबरोबर जंगलात जाऊन दाखवावं, मग बोलावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात इतवारीत माझं सासर. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत नवऱ्याशी, तिसऱ्याच्या कानावर न जाता, मी सलग चार वाक्यं बोलले असेन तर शपथ. आमच्या खोलीला दार होतं, नाही असं नाही, पण ते लावायची पद्धत नव्हती. दार लावलं की लगेच सासूबाई बाहेरून विचारायच्या, "काय झालं वं? डोस्कं दुखून राहिलं का?" एका बाजूची भिंत लाकडी फळ्यांची. तिच्या पलीकडे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. झोपायच्या आधी मी ह्यांना हळूच विचारायचं, "उद्या डब्यात वांग्याची भाजी देऊ का?" आणि सकाळी जाऊबाईंनी मला सांगायचं, "वांगं नको देऊ म्हणे, त्याले पित्त होते." म्हणे म्हणजे भासरे म्हणे. माझ्या नवऱ्याचं पित्त फळीच्या पलीकडून सांभाळलं जात होतं.

भासऱ्यांशी मात्र मी बोलायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड मिटायचं, ही आमच्याकडची रीत. तेही माझ्याशी बोलत नसत. मी चहाचा कप घेऊन समोर उभी असायची आणि ते जाऊबाईंना सांगायचे, "तिले म्हना, साखर कमी आहे." जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "साखर कमी आहे म्हणे." मी जाऊबाईंना म्हणायची, "आणते म्हणावं." असा तो साखरेचा निरोप सरकारी कागदासारखा तीन टेबलं फिरायचा, तोवर चहा निवून जायचा. त्यांना हाक काय मारायची हेही मला ठाऊक नव्हतं, कारण हाक मारायची वेळच कधी आली नव्हती.

आता मुद्द्याचं सांगते. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. लग्न ठरताना या शिक्षणाचं सासरी भारी कौतुक झालं होतं; नंतर ते भासऱ्यांच्या पोरांचे पाढे घेण्याच्या कामी आलं. त्या वर्षी रथसप्तमीच्या सुमारास कॉलेजातली एक मैत्रीण भेटली. ती भिवापूरला मुलींच्या शाळेत शिकवायची. तिथली गणिताची बाई मध्येच सोडून गेली होती, मॅट्रिकच्या मुलींची परीक्षा तोंडावर आली होती, आणि मुख्याध्यापिकाबाई माणूस शोधून शोधून थकल्या होत्या. मी घरी सांगितलं, मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जाते. आणि भिवापूरला जाऊन मुलाखत देऊन आले. हळदीकुंकूही घेतलं, खोटं बोलल्याचं पाप नको म्हणून. बाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला पसंत. पण येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर मी दुसरी बाई घेते. मुलींचं वर्ष चाललंय." रोज नागपूरहून येऊन-जाऊन जमण्यासारखं नव्हतं. मैत्रिणीच्या खोलीवर राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असं ठरवावं लागणार होतं.

म्हणजे ह्यांना विचारायला हवं होतं, आणि एकट्यात विचारायला हवं होतं. ही गोष्ट आधी सासूबाईंच्या कानावर पडली असती तर तिचा निकाल चुलीपाशीच लागला असता. ह्यांनी आधी 'हो' म्हटलं असतं तर पुढचं मी पाहून घेतलं असतं. मला ती नोकरी हवी होती. बायकांची उन्नती वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला फळ्यावर खडूनं प्रमेय लिहायचं होतं आणि खाली चाळीस पोरी माझं ऐकत बसलेल्या हव्या होत्या. घरात माझं ऐकणारं कोणी नव्हतं.

त्याच सुमारास ह्यांना जंगलाचं वेड लागलं. वेड कसलं, ह्यांचे कचेरीतले साहेब दर हिवाळ्यात पेंच नदीच्या खोऱ्यात जाऊन यायचे आणि आले की आठवडाभर खुर्चीत रेलून तिथल्या शांततेवर बोलायचे. साहेब बोलले की ते ह्यांचं मत होत असे. घरी येऊन हे मला सांगायचे, "माणसानं कधी तरी निसर्गात एकांतात राह्यले पाह्यजे वं. पशुपक्षी पाह्यले पाह्यजे." हा माणूस, ज्यानं गल्लीतल्या गाईपलीकडे पशू म्हणून कोणी पाहिला नव्हता! पण साहेबांच्या ओळखीनं जंगलातल्या सरकारी बंगल्यात शनिवार-रविवारसाठी एक खोली मिळाली. साहेबांनी आपली दुर्बीणही दिली. हे म्हणाले, "आपण दोघं जाऊ."

दोघं! खरं सांगते, मी देवापुढे साखर ठेवली. सोमवारच्या आधी सबंध दोन दिवस, आणि मध्ये एक फळीसुद्धा नाही. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली. पहिल्यांदा मुलींची परीक्षा सांगायची, मग शाळा चांगली आहे हे, राहण्याचं सगळ्यात शेवटी.

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन खाली आले तर दारात ट्रक उभा.

भासऱ्यांचं नागपूरबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं, तिथला हा ट्रक. मागच्या बाजूला सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. त्यांवर सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या, जाऊबाई बसल्या होत्या, त्यांची दोन पोरं कठड्याला लोंबकळत होती, आणि कुठलाही ट्रक हलताना दिसला की त्यात चढणारी एक दूरची मावशी होती, ती पण होती. गोवऱ्यांचं पोतं, कणकेचा डबा, वांग्यांची टोपली, मोठं पातेलं, ट्रान्झिस्टर. पुढे ड्रायव्हरशेजारी गळ्यात साहेबांची दुर्बीण अडकवून भासरे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझी सगळी विघ्नं एकाच ट्रकमध्ये मावली होती.

"चढ वं लवकर," सासूबाई म्हणाल्या. "जंगलात दोघंच जाऊन काय करून राह्यले असते? नदीवर रोडगे करू."

रोडगे! नागपूरकडच्या माणसाला चार झाडं आणि वाहतं पाणी एका जागी दिसलं की त्याला निसर्ग सुचत नाही, गोवऱ्या सुचतात. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, त्या निखाऱ्यांत कणकेचे गोळे खरपूस भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, आणि फोडलेल्या रोडग्यावर हात आखडता न घेता तूप. मी रोडग्यांना नावं ठेवत नाही. पण वाघ दिसला नाही तर कोणी विचारत नाही, आणि रोडगा आतून कच्चा राहिला तर दोन पिढ्या बोलतात, असल्या माणसांना घेऊन वन्यजीवन पाहायला जायचं म्हणजे कशात काय अन् फाटक्यात पाय. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वाकून ट्रकचं चाक पाहत होते, जणू ते ह्यांनाच बदलायचं होतं. हे सगळं सासूबाईंचं काम, हे मी तिथंच ठरवून टाकलं आणि पारशिवनीपर्यंत मनातल्या मनात त्यांना यथेच्छ बोलून घेतलं.

त्यात आणखी एक गंमत. तो ट्रक आदल्याच दिवशी मिरच्यांची पोती उतरवून आला होता. फळ्यांच्या फटीफटीत मिरचीची भुकटी बसलेली. कच्चा रस्ता लागला, ट्रक हादरायला लागला, तशी ती भुकटी उठली. आधी मावशी शिंकली, मग पोरं, मग सगळेच. पळस पेटल्यासारखा फुलला होता, साग उभे होते, दरीत खाली नदी चमकत होती, आणि आम्ही डोळ्यांतून पाणी गाळत, शिंकत शिंकत त्या अरण्यात शिरलो. एक मोर रस्त्यात उभा होता. आमचा आवाज ऐकून तो जो पळाला, तो मला वाटतं मध्य प्रदेशातच जाऊन थांबला असेल.

बंगल्याचा चौकीदार धावत आला. साहेबांनी ह्यांना सांगितलं होतं, हा म्हणजे रानातला ऋषीच आहे, महिनोन्महिने एकटा राहतो, कामापुरतं बोलतो. कामापुरतं! ट्रकमधून एकामागून एक माणसं उतरताना पाहून त्या ऋषीच्या डोळ्यांत पाणी आलं. "या जी, या! किती दिसानं मानसं पाहून राह्यलो बाप्पा!" त्यानंतर दोन दिवस त्यानं तोंड मिटलं नाही. बायको माहेरी जाऊन बसली होती ते, सासऱ्यानं तिला काय शिकवलं ते, बैलाला काय झालं ते. वाघाचं विचारलं तर "राह्यते ना जी इकडंतिकडं" म्हणायचा आणि परत बैलावर यायचा. आम्ही म्हणे एकांत शोधत आलो होतो, आणि आम्हाला भेटला तो एकांताला पार विटलेला माणूस. सासूबाईंचं आणि त्याचं पहिल्या चहालाच जमलं.

खोली एकच होती. तिचा निकाल सासूबाईंनी उंबऱ्यातच लावला: बायका आणि पोरं आत, माणसं व्हरांड्यात. म्हणजे घरी निदान नवरा माझ्याच खोलीत असायचा. इतक्या लांब रानात येऊन तोही गेला. मी सतरंजी झटकताना ह्यांना म्हटलं, "अहो, मले तुमच्याशी थोडं बोलायचं आहे." हे म्हणाले, "बोल ना." शेजारी मावशी उभी होती. ती पण म्हणाली, "बोल ना वं."

संध्याकाळी पाणवठ्याजवळच्या मचाणावर गेलो. मचाण तिघांचं, चढलो आठजण. हे सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून खुणावत होते, साहेबांनी तसं सांगितलं होतं. पण सासूबाईंच्या मते खुणा मुक्यांनी करायच्या असतात. "हे बोरीचं झाड आहे का वं? बोरं असन का?" असं त्या जाऊबाईंना विचारत होत्या, आणि तिकडं ट्रान्झिस्टरवर भाजीपाल्याचे बाजारभाव चालू होते. भासऱ्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती काढलीच नाही. मला वाटलं, निदान एकाला तरी काही दिसून राहिलंय. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "ओव्हरलोड आहे." दरीपलीकडच्या रस्त्यानं बांबू भरलेला एक ट्रक चालला होता. त्याचा नंबर त्यांनी वाचून दाखवला, मालक कोण असेल याचा अंदाज केला, आणि दुर्बीण चांगली आहे म्हणून पावती दिली. तेवढ्यात मावशीला पदरातली राहिलेली मिरची लागली आणि ती अशी शिंकली की पाणवठ्यावर असलं-नसलं ते सगळं उडालं, पळालं, झाडाआड झालं. चितळांच्या पांढऱ्या शेपट्या तेवढ्या मी पाहिल्या, त्याही जाताना.

रविवारी सकाळी नदीवर मुक्काम हलला. ती नदी मी तुम्हाला काय सांगू. मोठमोठे काळे दगड, त्यांच्यामधून हिरवं पाणी, आणि वाळू इतकी स्वच्छ की पाय ठेवताना संकोच वाटावा. आता तिथं धरणाचं पाणी आहे, ते दगड खाली गेले. त्या वाळूत एका ठिकाणी वाघाची ताजी पावलं होती. चौकीदारानं दाखवली. सासूबाईंनी त्यांना नमस्कार केला, आणि जागा सपाट आहे असं पाहून चार हातांवर जगरा मांडायला सांगितला.

धूर झाला. धुरानं वानरं खवळली आणि वरून खॅक खॅक करायला लागली. पोरांनी त्यांना वेडावून दाखवलं. भासरे वांग्यांची देठं काढत होते, मावशी लसूण सोलत होती, आणि हे, निसर्गप्रेमी, डोक्याला रुमाल बांधून फुंकणीनं जगरा फुंकत होते. इतके खुशीत मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जाऊबाई आणि मी जरा बाजूला बसून कणीक मळत होतो. जाऊबाई तशा कमी बोलायच्या. मला म्हणाल्या, "तुझं तोंड कालपासून उतरलं आहे वं. आम्ही आलो म्हणून ना?"

"तसं नाही जी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"मी तं यांना म्हटलं होतं, त्या दोघांना जाऊ द्या, आपलं काय काम? आईंनाही पटलं होतं. त्यांचे गुडघे दुखते, त्या कुठं ट्रकमध्ये चढतात? पण भाऊजींनीच गळ घातली. शुक्रवारी चुलीपाशी येऊन बसले. म्हणे, वहिनी, चाला ना तुम्ही सगळे. आम्ही दोघंच तिथं जाऊन काय बोलाव? करमन नाही आम्हाले."

भाऊजी म्हणजे माझा नवरा. माझे हात कणकेत तसेच राहिले. सासूबाईंना मी कालपासून ज्या शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या पत्ता चुकून गेल्या होत्या. मला रडू आलं नाही, संताप आला. हा माणूस मला टाळत असता, कुठल्या दुसरीच्या नादात असता, तरी मी समजले असते, भांडले असते. पण तसलं काहीच नव्हतं. ह्याला माझ्यापासून काही लपवायचं नव्हतं. ह्याला फक्त माझ्याशी काय बोलायचं हे माहीत नव्हतं! तीन वर्षं मी फळीला दोष देत होते. फळी काढली असती तर ह्यानं दुसरी आणून ठोकली असती.

"मी सांगितलं म्हणून सांगू नको बरं," जाऊबाई म्हणाल्या. मी म्हटलं, नाही सांगत. आणि त्या कणकेला असं तिंबलं की त्या दिवशीचे रोडगे फार खुसखुशीत झाले. सगळ्यांनी वाखाणले.

जेवणं झाली. रोडगे पोटात गेल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. सासूबाई जांभळीखाली आडव्या झाल्या, मावशी त्यांच्या पायाशी, भासरे छातीवर दुर्बीण ठेवून घोरायला लागले. चौकीदारसुद्धा बैलाची गोष्ट अर्धी टाकून झोपला. ट्रान्झिस्टरचे सेल संपले. दोन दिवसांत पहिल्यांदा मला पाण्याचा आवाज ऐकू आला.

मी एकटीच खाली दगडांपाशी गेले. समोरच्या काठाजवळ पाण्यात काहीतरी गोल गोल फिरत होतं. एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग आणखी दोन. पाणमांजरं! एकानं तोंडात मासा धरला होता, बाकीची तो हिसकायला बघत होती, आणि एक पिल्लू मध्ये लुडबूड करून सगळ्यांच्या अंगावरून घसरत होतं. ओली, चकचकीत अंगं. मी तिथं उभी राहून हसत होते, वेड्यासारखी. मग वाटलं, हे ह्यांना दाखवावं. एवढं पाहिल्यावर तरी माणसाला बायकोशी दोन शब्द बोलावेसे वाटतील. रागावलेली होते, तरी वाटलं. नवरा-बायकोचं हे असंच असतं, त्याला इलाज नाही.

मी जाऊन ह्यांना हलवलं. "उठा जी. नदीवर चला. मले बोलायचं आहे."

"आता? जेवून?" हे उठले, डोळे चोळत आले, दगडावर बसले, आणि बसल्याबरोबर मागे वळून झोपलेल्या माणसांकडे पाहिलं.

जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. एका दमात सांगून टाकलं. भिवापूर, शाळा, गणित, उद्या सोमवार, राहावं लागेल. "मले जायचं आहे," मी म्हटलं. "फार जायचं आहे. तुम्ही हो म्हणा."

हे पाण्यात खडे टाकायला लागले. "दादाले विचारलं का?"

"तुम्हाले विचारून राहिली ना मी."

"मायशी बोलली?"

"अहो, तुम्हाले! तुम्हाले काय वाटते?"

"मले?" हे इतके दचकले की हातातला खडा तसाच राहिला. "मले काय वाटन वं? घरी गेल्यावर बोलू. सगळे बसू अन् बोलू. इथं कोण असं बोलते, सुट्टीच्या दिवशी."

तेवढ्यात त्या पाणमांजरांची टोळी पोहत आमच्या बाजूला आली. अगदी जवळ, चार दगड सोडून. ह्यांचं लक्ष गेलं. मी म्हटलं, आता. आता हा माणूस गप्प बसेल, पाहील, आणि मग माझ्याकडे वळेल.

"थांब," हे म्हणाले, "दुर्बीण दादाजवळ आहे," आणि उठून पळाले. वाचले बिचारे! मला ह्यांची हाक ऐकू आली: "दादा! माय! वहिनी! उठा, पाणमांजर! चाला लवकर, भल्ली मोठी!"

चौकीदार धरून आठ माणसं पदर, लुगडी, धोतरं सावरत दगडांवरून धावत आली. पोरं सगळ्यात पुढं, किंचाळत. पाण्यावर चार वर्तुळं राहिली, मग तीही गेली.

"कुठं आहे?" "कुठं आहे वं?" "काही तं दिसून नाही राह्यलं." सगळे काठावर ओळीनं उभे राहून मलाच विचारत होते. भासऱ्यांनी दुर्बीण डोळ्याला लावून पलीकडचा काठ धरला होता. हे त्यांच्या मागे उभे होते, खांद्यावरून पाहत, आणि तोंडावर इतकं समाधान होतं की मला ते सहन झालं नाही. म्हटलं, सगळ्यांना बोलावून आणलंस ना? बरं झालं.

मी डोक्यावरचा पदर नीट केला. भासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हटलं, "दादा, मला भिवापूरच्या शाळेत नोकरी लागली आहे. उद्या सकाळी हजर व्हायचं आहे. तिथं राहावं लागेल. शनिवारी घरी येईन."

दादा म्हटलं, कारण हे म्हणतात. दुसरं काही सुचलं नाही. मावशीनं तोंडाला पदर लावला. सासूबाई म्हणाल्या, "अवं, हे कोणाशी बोलून राह्यली तू?" त्यांना नोकरीचा धक्का नंतर बसला, आधी मी भासऱ्यांशी बोलले याचा बसला.

भासऱ्यांनी दुर्बीण खाली केली नाही. पलीकडच्या काठावर एक झाड होतं, त्याच्याकडे पाहत ते जाऊबाईंना म्हणाले, "तिले विचारा, राहीन कुठं?"

"मैत्रिणीच्या खोलीवर," मी सरळ त्यांनाच सांगितलं.

"तिले विचारा, शाळा पोरींची आहे का?"

"हो. मॅट्रिकच्या मुलींना गणित शिकवायचं आहे."

"अन् घरचं कोन करन?" सासूबाई म्हणाल्या.

"ही यायच्या आधी कोन करत होतं, आई?" जाऊबाई म्हणाल्या. अगदी शांतपणे. "मीच ना?"

भासऱ्यांनी झाड बदललं. "हा काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. नुसतं 'जाऊ द्या' म्हटलं असतं तरी मी बाकीचं सगळं विसरले असते.

"दादा म्हनन तसं," हे म्हणाले.

भासरे त्या झाडालाच म्हणाले, "तिले सांगा, शनिवारी अंधार पडायच्या आत घरात येत जाय म्हनाव."

"अंधार पडायच्या आत," जाऊबाईंनी मला सांगितलं. आणि माझा हात जोरात दाबला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी भिवापूरला गेले आणि पुढं कित्येक वर्षं त्या शाळेत गणित शिकवलं. माझ्या हाताखालच्या पोरी आज कुठं कुठं आहेत. भासऱ्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. पण परवानगी ज्याच्याकडे मागायला मी त्या रानात आले होते, त्याच्याकडून ती मला मिळाली नाही. त्याचं तेव्हा फार वाईट वाटलं, आणि या वयात ते बोलून दाखवायला मला लाज नाही.

उन्हं कलायच्या आत निघालो. चौकीदार ट्रकमागे बराच लांब चालत आला. "पुढच्या बारीले आणखी मानसं आणा जी" म्हणून सासूबाईंना पुन्हा पुन्हा सांगत होता. ट्रकमध्ये मावशीनं भजनाला सुरुवात केली, पोरांनी त्यात आपलं गाणं घातलं, भासरे आणि ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये, मागची खिडकी उघडी ठेवून, रस्त्याबद्दल ओरडून बोलत होते, सासूबाई उरलेले रोडगे मोजून कोणाकडे किती द्यायचे ते ठरवत होत्या. दाटीवाटीत हे माझ्या शेजारी येऊन बसले. मग माझ्याकडे कलले. ह्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

"अवं, एवढी मोठी गोष्ट अशी सगळ्यांसमोर काहून काढली तू? आपण दोघं बोललो असतो ना. एकट्यात."

"कुठं?" मी विचारलं.

आणि मावशीचं भजन थांबलं, पोरं गप्प झाली, पुढं भासऱ्यांनीही बोलणं थांबवलं, आणि ह्यांचं उत्तर ऐकायला सगळा ट्रक आमच्याकडे वळला.